पाकिटावरचं नाव

११ जून २०२४

अर्पिता,

त्या सकाळी मी अंगणात चिंच लावून तांब्याचा हंडा घासत बसले होते. थंडी होती, पाणी हाताला चावत होतं. तुझे बाबा धार काढून आले होते. मंजू चुलीपुढं हरभऱ्याची भाजी खुडत होती आणि तू पिठाचा डबा पालथा घालून त्याच्यावर साहेबासारखी बसली होतीस. बाबांचा चष्मा तुझ्या नाकावर होता.

"नवऱ्याचं नाव?"

"हरिओम."

"पुरं नाव सांगा, बाई. हे आफिस हाय, चावडी न्हाई."

"हरिओम व्यंकटराव."

"लग्नात शालू कोणत्या रंगाचा व्हता?"

"मोरपंखी."

"नवऱ्याला खायाला काय आवडतं?"

"धपाटे. दह्यासंगं."

"रातचं घोरतेत का?"

मंजूनं हातातली भाजी तुझ्या अंगावर फेकली. "असलं कुठं इचारतेत का गं?"

"साहेबानं इचारलं तर सांगावंच लागतं. न्हाई तर व्हिसा कॅन्सल."

मी हसले आणि हंडा हातातून निसटून पार गोठ्यापर्यंत घरंगळत गेला. त्याला तेव्हा पडलेला पोचा अजून आहे. पाणी भरताना माझा अंगठा आपोआप तिथंच बसतो.

मंजू अडखळली की पुढचं उत्तर तू सांगायचीस. तिची सगळी उत्तरं तिच्याआधी तुला पाठ झाली होती.

तू शेजारच्या शिवकन्याच्या फोनवर निरोप ठेवलास, की काय काय झालं ते आठवून, लिहून पाठव, वकिलाला लागतं. आठवायला बसले तर ही सकाळच पहिली आली. वकिलाला तिचा काय उपयोग, मला माहीत नाही. बाकीचं ओळीनं लिहिते.

मंजूचं लग्न हरिओमरावांशी २०१६ च्या मे महिन्यात जिंतूरला झालं. लग्नाची नोंद झाली, पासपोर्ट झाला. हरिओमराव कॅनडाला परत गेले आणि मंजू व्हिसाची वाट बघत आपल्याकडे राहिली. जानेवारीत तिला कावीळ झाली. आधी गावातलं औषध, मग जिंतूरचा डॉक्टर. परभणीला नेताना बोरीच्या अलीकडे ती जीपमधेच गेली. जीप तिथूनच वळवली. दवाखान्यात ती पोचलीच नाही, म्हणून दवाखान्याचा कागद नाही. गावानं तिला पोचवलं. तिच्या मृत्यूची नोंद करायला तुझे बाबा जाणार होते, तेवढ्यात मुंबईच्या मुलाखतीची तारीख आली. मंजूच्या नावानं.

तिचे सासरे व्यंकटराव म्हणाले, "एका घरच्याच दोघी. धाकटी द्या. नवे कागद करायचे तर वर्सं जातेल. हे कागद तर तयारच हायेत."

थोरली गेली की तिच्या संसारात धाकटीला देणं आपल्यात नवं नाही. लोक चांगलंच म्हणतात. कागदाचं ज्यांना कळलं ते गप्प बसले. चेहरेही तुमचे सारखेच. तुला सगळ्यांच्या देखत विचारलं, "जातीस का?" तू काही बोलली नाहीस, त्यालाच हो धरलं. मी काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. मीही काही बोलले नाही.

तेराव्यानंतर देवापुढं मंजूचंच मंगळसूत्र तुझ्या गळ्यात घातलं. अक्षता नाहीत, सप्तपदी नाही. नवरदेव फोनवर. जिंतूरच्या सोनाराकडून मंजूच्या नावाचा चांदीचा टाक करून आणला. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला लावायचं आणि मग नेसायचं, म्हणजे पहिली त्रास देत नाही. तू तो घातलास. विमानतळावर हरिओमरावांनी फोन करून काढायला लावला. जी बाई जिवंत आहे तिच्याच गळ्यात तिचाच टाक कसा असेल? तुझ्या बाबांनी तो खिशात घालून परत आणला.

त्याआधी मुलाखतीत तू खुर्चीवर बसलीस आणि सगळी उत्तरं बरोबर दिलीस.

आता तुझं मागणं. तू हरिओमरावांचं घर सोडून मैत्रिणीकडे राहतेस. का सोडलंस ते मला सांगितलं नाहीस, शिवकन्याला सांगितलंस. तिनं मला अर्धंच सांगितलं. बाकीचं तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं. "तू हाय कोण? तुझं नाव तरी हाय का हितं?" हे त्यांचं बोलणं मात्र तिनं पुरं सांगितलं.

ते फारकत द्यायला तयार आहेत. तू म्हणतेस, फारकत नको. ती मंजूला मिळेल. तुला हे लग्नच रद्द करून पाहिजे, आणि अर्पिताच्या नावानं. त्यासाठी मंजूच्या मृत्यूची नोंद पाहिजे, आणि ती मलाच करावी लागणार.

मला विचारशील तर फारकत घे. तिथले तुझे कागद शाबूत राहतील. नोकरी राहील. नाव काय, हाक मारण्यापुरतं असतं. मी शाळेत गेलेले नाही. तुम्हा दोघींच्या पुस्तकांवर वाचायला शिकले आणि पुढं गावच्या वाचनालयात मिळेल ते वाचलं. माझं चुकत असेल. पण आईला आधी लेकीचं छप्पर दिसतं.

पाकिटावर मंजूचं नाव घालते. दुसऱ्या नावाचं पत्र तिथं पोचत नाही असं हरिओमराव म्हणायचे.

तुझी आई


१८ जुलै २०२४

अर्पिता,

पहिलं पत्र मिळालं का? तुझा काही निरोप नाही.

काल दुपारी व्यंकटराव आले होते. शेजारच्या म्हाताऱ्या दगडाबाई माझ्या ओसरीवर गोधडी शिवत बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरूनच सुईच्या वरून पाहिलं. व्यंकटरावांनी पेढ्यांचा पुडा बाजेवर ठेवला.

"राम राम, विहीणबाई."

"पेढे कशाचे?" मी विचारलं.

"कशाचे म्हंजे? असंच."

"फारकतीचे वाटायलेत काय, पाव्हणं?" दगडाबाई म्हणाल्या.

"मावशी, तुमी गप ऱ्हावा."

"म्या गपच हाय की. सात वर्सं गप हाय. तोंडात जळमटं झाली."

व्यंकटराव माझ्याकडे वळले. "विहीणबाई, पोरीला समजवा. येड्यावानी करायलीय. कागद हायेत म्हणून ती तिथं हाय. आमी निमूट फारकत देतो. मंजुषाच्या नावानं घ्यावी, मंजुषाच्या नावानं ऱ्हावं, नोकरी करावी, वाटलं तर दुसरं लगीन करावं. कुणाला काय कळायलंय?"

"आन् तिनं न्हाई ऐकलं तर?"

"तर तिथले लोक तिला घालवून देतेल आन् हितं पोलीस येतेल. शपथपत्रावर तुमच्या मालकाची सही हाय, हीच माझी थोरली लेक म्हणून. मेलेल्या माणसाची इज्जत काढायची का आता खामखा?"

"कोणत्या मेलेल्या माणसाची, व्याही?"

त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मेलेल्याला काय फरक पडायलाय हो?"

दगडाबाईंनी दोरा दातानं तोडला. "पाव्हणं, आधी सून कोणती ते ठरवा. मेलेलीला फारकत देयाची तर तिकडं मसणात जाऊन द्या. जितीला देयाची तर तिचं नाव घ्या. घ्या बरं. घ्या की नाव."

व्यंकटराव उठले, चप्पल घातली आणि मोटारसायकलला किक मारली. ते वळणावर दिसेनासे झाले तेव्हा दगडाबाईंनी पुडा सोडला. म्हणाल्या, "पेढ्यानं काय पाप केलंय?" त्यांनी दोन खाल्ले, मला एक दिला. मी तो म्हशीला घातला.

मला वाटलं होतं मी त्यांच्यावर रागावेन. पण दिवसभर वेगळंच आठवत राहिलं. तू गेल्यावर आपण सगळ्यांनी ठरवलं होतं की फोनवर तुला मंजू म्हणायचं. कुणासमोर जीभ घसरायला नको. आधी लक्ष ठेवून म्हणायचो. मग लक्ष ठेवावं लागेनासं झालं. तुझे बाबा गेले त्या दिवशी शिवकन्यानं फोन त्यांच्या तोंडापुढं धरला होता. ते म्हणाले, "मंजू, जेवलीस का?" तू म्हणालीस, "हो बाबा." त्यांना त्या वेळी कोणती लेक दिसत होती, मला सांगता येत नाही. मी विचारलं नाही आणि मग विचारायला ते राहिले नाहीत. तुला यायचं होतं. विमानतळावर कुणी काही विचारेल म्हणून येऊ दिलं नाही.

दाखल्याचं म्हणशील तर ग्रामसेवक रजेवर आहेत. सोयाबीनच्या कोळपणीची गडबडही आहे. येत्या आठवड्यात बघते.

फारकतीचा विचार कर. "तुझं नाव तरी हाय का हितं?" या हरिओमरावांच्या वाक्याबद्दल व्यंकटरावांना मी बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

तुझी आई


२२ ऑगस्ट २०२४

मंजू,

अर्पितानं शिवकन्याला निरोप दिलाय. म्हणाली, "आईची दोन पाकिटं आलीत. म्या फोडली न्हाईत. ज्या नावानं आलीत तिला दे म्हणावं."

म्हणून हे तुला लिहिते.

अर्पिताला जे लिहिलं नाही ते तुला सांगायला हरकत नाही. ग्रामसेवक रजेवर नव्हते. त्यांनीच सांगितलं, वर्ष उलटून गेलंय, आता तहसीलचा आदेश लागतो, जिंतूरला जा. मी गेले. स्टँडवर बाकड्यावर बसले. समोर येलदरीची गाडी लागली तशी त्याच गाडीनं परत आले. पुन्हा एकदा गेले आणि पुन्हा तशीच आले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, स्टँड बघायला येता काय?"

एप्रिलमधे मतदान झालं तेव्हा घरी तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. माझी, तुझी आणि अर्पिताची. तुझ्या चिठ्ठीवर तुझा कॉलेजातला फोटो, एक वेणी पुढं घेतलेला. शाळेत गेले तर टेबलावरचा माणूस यादीवर बोट ठेवून म्हणाला, "मंजुषा आली न्हाई का?" दुसरा म्हणाला, "ती कॅनडात असती." "आन् अर्पिता?" "ती असंल की घरी." मी मान हलवली. दोघांनाही हलवली.

कागदावर असं आहे बघ. तू परदेशात नोकरी करतेस आणि अर्पिता माझ्याजवळ राहते. माझ्या दोन्ही लेकी हयात आहेत. घरात बघितलं तर मी आणि म्हैस.

यंदा तुला तिसावं लागलं. तिथल्या कामावरच्या बायकांनी तुझा वाढदिवस केला. अर्पितानं फोटो पाठवला होता. केकवर तुझं नाव होतं, मागं अर्पिताचा चेहरा. शिवकन्यानं तो फोटो मला मोठा करून दाखवला. मी कितीतरी वेळ बघत बसले. मला केकवरचं नाव दिसत होतं. चेहऱ्याकडे माझं लक्षच गेलं नाही. ती खाली मान घालून उभी होती, हे शिवकन्यानं सांगितलं तेव्हा मी पाहिलं.

हे मी कुणाला सांगू? मी फारकत घे म्हणते ते अर्पिताच्या छपरासाठी, हे खरं आहे. पण सगळं खरं ते नाही. मी तहसीलमधे तुझं नाव सांगितलं की तू मरशील. जीपमधे तू माझ्या मांडीवर गेलीस, ते माझ्या हातांना कळलं होतं. सरकारला अजून कळलेलं नाही. जगात एक जागा अशी आहे जिथं तू मेलेली नाहीस, आणि तिथं अर्पिताला बसवून ठेवलंय.

आणि तू तरी कुठं सुखी आहेस? तू सवाष्ण गेलीस. भादव्यातल्या नवमीला तुझ्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. ते सासरचं काम. त्यांनी कधी घातली नाही. जिवंत सुनेची नवमी कोण करतं? मीही केली नाही, गावात चर्चा नको म्हणून. सात वर्षं तुझ्या नावाचं ताट वाढलेलं नाही. भादवा आला की भर दुपारी मागच्या दारी हंडा खाली ठेवल्यासारखा आवाज होतो. दगडाबाई म्हणतात मांजर आहे. मांजर हंडा उचलत असेल तर उचलू दे. मी उठून बघत नाही. बघितलं आणि कुणी नसलं तर?

टाक माझ्या देव्हाऱ्यात आहे, देवांच्या मागं. दिवाळीचं लुगडं मी आधी त्याला लावते, मग नेसते. मी काही तुझी सवत नाही. पण कुणीतरी लावायला पाहिजे.

तू अर्पिताला त्रास देत नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या नावानं आम्ही दिला.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला कळत नाही. सध्या टाकाखाली ठेवते.

आई


२६ सप्टेंबर २०२४

अर्पिता,

या पाकिटावर तुझं नाव आहे. खाली तुझ्या मैत्रिणीचं नाव आणि पत्ता शिवकन्यानं घातला. पोस्टातला आश्रुबा म्हणाला, "ही कोण अर्पिता? तिथं तर तुमची मंजुषा असती ना?" मी म्हणाले, "मंजुषा मेली. तिथं अर्पिता असती." त्यानं शिक्का हातात तसाच धरला. तोही तिला पोचवायला आला होता, त्याच्या खांद्यावर तिची तिरडी होती. म्हणाला, "व्हय की. म्या तर इसरूनच गेलतो." आणि शिक्का मारला.

मंजूला लिहिलेलं एक पत्रही यात घातलंय. तिच्यापर्यंत पोचवायला माझ्याकडे दुसरा पत्ता नाही. आधीची दोन पाकिटं वाटली तर फोड. त्यातलं फारकतीचं आता सोडून दे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा पाऊस एवढा होता की शिवकन्याच्या ओसरीवर तुझं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. मी मोठ्यानं विचारलं, "मंजू, जेवलीस का?" तू म्हणालीस, "आई, ताई मेली. मी जेवलेय."

त्यापुढं तू काय बोललीस ते मला आठवत नाही. पावसातही ते तेवढं स्वच्छ ऐकू आलं. सात वर्षांत घरातल्या कुणीच ते वाक्य म्हटलं नव्हतं. घरी येऊन चूल पेटवली, भाकरी केली, आणि भाकरी उलटताना मला कळलं की मी मंजूसाठी रडतेय. तेराव्याला रडले होते त्यानंतर पहिल्यांदा. मधल्या वर्षांत रडायला काही निमित्तच नव्हतं. ती कॅनडात होती.

पूर ओसरून रस्ता सुरू झाला तशी मी जिंतूरला विजयमाला वकीलबाईंकडे गेले. तुझ्या निरोपातला वकील म्हणजे त्याच, तू आधीच त्यांच्याशी बोललेली होतीस, ते तिथं कळलं. त्या म्हणाल्या, "मावशी, लग्न रद्द करून मागायचं तर कोर्ट आधी विचारणार, लग्न झालं कुणाचं? थोरलीचं झालं, ती वारली. धाकटीचं झालंच नाही, तिला थोरली म्हणून उभं केलं. एवढं सांगायला तुमच्याशिवाय कोण आहे?"

मी विचारलं, "मग अर्पिताला तिथून घालवून देतेल?"

"देऊ शकतात. तिथलं सगळं तिला तिथल्या वकिलाकडून खरं सांगावं लागंल. काय होईल, मी सांगू शकत नाही. मी तिला हे सगळं समजावलंय." मग त्या जरा हसल्या. "ती म्हणाली, घालवून दिलं तर देऊ द्या. पण तिकिटावर माझं नाव असंल."

मी म्हणाले, चला.

परवा मंगळवारी तहसीलमधे गेलो. मी, वकीलबाई आणि साक्षीला दगडाबाई. दगडाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि गाडीत सगळ्यांना सांगत होत्या की त्यांना साहेबानं बोलावलंय. साहेब तरुण होते, तुझ्या वयाचे असतील. समोर कागद घेऊन एकेक विचारत गेले.

"मयत तुमची कोण?"

"लेक."

"थोरली की धाकटी?"

"थोरली. मंजुषा."

"कधी वारली?"

"२०१७. संक्रांत झाल्यावर."

"कशानं?"

"कावीळ."

"विवाहित होती?"

"व्हय."

"पती हयात?"

"हयात."

माझी सगळी उत्तरं बरोबर येत होती. मला एकदम पिठाचा डबा आठवला आणि त्याच्यावर बसलेली तू. डोळ्यापुढं ती सकाळ आली, तशीच्या तशी, भाजीच्या वासासकट. मी टेबलाची कड धरली.

"काही पुरावा आहे का, दवाखान्याचा वगैरे?"

"म्या हाय की पुरावा," दगडाबाई म्हणाल्या. "ह्याच हातानं न्हाऊ घातलं तिला. अंग हळदीवानी झालतं. अजून काय पुरावा पायजे, साहेब?"

"आजी, बसा तुम्ही."

"बसते. पर आधी लिहा."

साहेबांनी लिहिलं. मग विचारलं, "सात वर्षं नोंद का केली नाही?"

वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला आधी सांगितलं होतं की एवढंच म्हणायचं, अज्ञानामुळं राहून गेलं. तहसीलमधे तेवढं पुरतं, बाकीचं कोर्टात बघू. मला तेही म्हणता आलं असतं. मी अडाणी बाई, कुणाला खोटं वाटलं नसतं.

मी म्हणाले, "तिच्या नावावर माझी धाकटी लेक परदेशात ऱ्हायलीय. आमीच पाठवली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, काय बोलताय कळतंय का? हे बयानात लिहिलं तर तुमच्यावरपण गुन्हा होऊ शकतो."

"लिहा."

"कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"माझे मालक व्हते. ते वारले. व्याही हायेत, जावई हायेत. आन् मी. म्या काहीच बोलले न्हाई, ते बी लिहा."

त्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी डोळ्यांनीच हो म्हटलं. त्यांनी पुन्हा पेन उचललं.

"धाकटीचं नाव?"

अर्पिता, तुला सांगते, ते नाव माझ्या तोंडातून नीट निघालं नाही. हाक मारायची सवयच मोडली होती. साहेबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं, जोरात. बाहेर बाकड्यावर सातबाऱ्यासाठी बसलेली माणसं आत वळून बघायला लागली.

"अर्पिता हयात आहे?"

"हयात हाय."

शेवटी त्यांनी शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला आणि सही केली.

आता चौकशी होईल, गावात माणूस येईल, मग आदेश निघेल. तो निघाला की वकीलबाई परभणीच्या कोर्टात तुझा अर्ज टाकतील, तुझ्या नावानं. व्यंकटरावांना कळलंय. कालपासून शिवकन्याच्या फोनवर त्यांचे तीन फोन आले. मी घेतले नाहीत. हरिओमनंही एक केला. त्याला मी आजवर राव म्हणत आले, अहो-जाहो करत आले. आता मला त्याच्याशी बोलायचं नाही. बोलले तर एवढंच विचारीन, की माझ्या कोणत्या लेकीवर तू हात उचललास?

पोलीस आले तर येतील. म्हशीचं बघते म्हणाल्यात दगडाबाई. म्हणाल्या, "जेलात धपाटे भेटत नसतेत बरं, खाऊन जाय."

टाक आता तुझ्या गळ्याचा राहिला नाही. तू कुणाची दुसरी नाहीस. मी तो देवांच्या मागून काढून पुढं ठेवलाय.

तहसीलमधून आम्ही शेवटच्या गाडीनं परतलो. गाडीत दगडाबाई माझ्या खांद्यावर झोपल्या. बोरीकडे जाणारा रस्ता मागं राहिला तरी मी त्या बाजूला मान वळवली नाही. घरी आले, देवापुढं दिवा लावला आणि पेटीतून मंजूचा शालू काढला. रंग तसाच आहे. घडीवर मात्र विरायला लागलाय.

दुसऱ्या दिवशी नवमी होती. मी हंडा भरून आणला, पुरण शिजवलं, टाकापुढं ताट वाढलं, शिवकन्याला सवाष्ण म्हणून पाटावर बसवून जेवू घातलं, आणि विधवेनं भरू नये म्हणतात ती ओटी मीच भरून मोरपंखी शालू तिच्या पदरात घातला.

तुझी आई